पाटकऱ्याचा वाटा

गेली सव्वीस वर्षे पुण्यातल्या निरनिराळ्या संस्थांचे संगणक सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. आणि या दीर्घ काळात मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याची तजवीज मी जेथे जेथे सुचविली, तेथे तेथे कार्यकारी मंडळातील कोणा ना कोणा सभासदाने पहिला प्रश्न हाच विचारला आहे की, ‘हे फुकट आहे ना?’ इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोहोंस एकच शब्द चालत असल्यामुळे, १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्यात आयुष्य वेचावे लागले. मराठीने हे दोन शब्द मुळातच वेगळे ठेवलेले असता आपण होऊन आपण त्यांची गल्लत करावी, याचे मला मनापासून दुःख होते.

प्रोग्रामची मूळ संहिता, जिला आम्ही व्यवहारात सोर्स कोड म्हणतो, ती वाचण्याचा, तीत फेरफार करण्याचा आणि फेरफार केलेली प्रत दुसऱ्यास देण्याचा हक्क ज्याच्या परवान्याने प्रत्येकास मिळतो, ते सॉफ्टवेअर मुक्त. १९८९ सालच्या जीपीएल परवान्याने या हक्कास सनदेचेच स्वरूप दिले, कारण ज्याने घेतले त्याने पुढे वाटताना त्याच अटींवर वाटले पाहिजे, असे त्यात बंधन आहे. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये छंद म्हणून लिहावयास घेतलेले लिनक्स १९९२ पासून याच परवान्याखाली आहे; आणि जगातील पहिल्या ५०० महासंगणकांची जी यादी वर्षातून दोनदा निघते, तीतील प्रत्येक महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आला आहे. एवढी वास्तू उभी राहिली. तिच्या पायाची डागडुजी कोण करतो, याची विचारपूस मात्र फारशी कोणी केली नाही.

ती करण्याची वेळ २९ मार्च २०२४ रोजी आली. आन्द्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसवर काम करणारे अभियंते काही वेगमापन करीत असता, दूरच्या संगणकात शिरण्याचे जे एसएसएच नावाचे द्वार आहे ते उघडण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. हा अर्धा सेकंद त्यांनी सोडून दिला नाही. त्याचा माग काढीत ते एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या एका साध्या उपकरणापाशी येऊन पोहोचले. आणि त्याच्या ५.६.० व ५.६.१ या दोन आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट ठेवली आहे, हे त्यांनी त्या दिवशी जगापुढे मांडले. आपल्याकडे तेव्हा रात्र होती, आणि मी उत्तररात्रीपर्यंत एकेका सर्व्हरवरील एक्सझेडची आवृत्ती तपासत बसलो होतो. लिनक्सच्या स्थिर वितरणांपर्यंत हे विष पोहोचलेच नव्हते, म्हणून माझी सर्व यंत्रे सुरक्षित निघाली. आणखी काही महिने लोटले असते तर मला तसे म्हणता आले नसते.

चोरवाट घालणाऱ्याचे कसब भयंकर होते. दाबलेल्या फाइली नीट उलगडतात की नाही हे पाहण्यासाठी अशा प्रकल्पात मुद्दाम बिघडलेल्या नमुना-फाइली ठेवलेल्या असतात. त्या बिघडलेल्याच असावयाच्या, म्हणून त्यांत डोकावण्याचे कोणास कारण पडत नाही, आणि त्याने आपला ऐवज नेमका तेथेच दडविला. परंतु मला त्याहून अधिक अस्वस्थ करते ते त्याच्या प्रवेशाचे वृत्त. एक्सझेडचा सांभाळ लासे कॉलिन हे फिनलंडचे एक गृहस्थ वर्षानुवर्षे विनावेतन करीत होते. आपले मनःस्वास्थ्य बरे नाही व हे काम हौसेचे आहे, असे त्यांनी २०२२ मध्ये उघडपणे लिहिलेही होते. त्या सुमारास काही अनोळखी नावांनी, काम रखडते आहे म्हणून त्यांच्यामागे टोचणी लावली, आणि ‘जिया टॅन’ या नावाचा एक सोशिक मदतनीस, जो २०२१ पासून उपयुक्त दुरुस्त्या पाठवून विश्वास संपादन करीत आला होता, त्याच्या हाती हळूहळू अधिकार आले. थकलेल्या एकट्या माणसाच्या खांद्यावरचे ओझे उचलू म्हणणारा पहिला हात चोराचा निघाला, कारण त्या ओझ्यावर ज्यांचे कारभार चालत होते त्यांच्यापैकी कोणाचाही हात पुढे आला नव्हता.

माझे आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तेथील फड पद्धत शेकडो वर्षांची आहे: नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे याचा निर्णय सर्वांनी मिळून करावयाचा. पाणी कोणा एकाच्या मालकीचे नव्हते. तरीही ते फुकट आहे असे माझ्या आजोबांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. पाटातला गाळ दरवर्षी खातेदारांनीच काढावयाचा, आणि पाणी वाटणारा पाटकरी, पिके राखणारा जागल्या व या सर्वांवर देखरेख ठेवणारा हवालदार यांचा मेहनताना पीक घेणाऱ्यांनीच द्यावयाचा, अशी वहिवाट होती. आम्हां संगणकवाल्यांनी पाट उत्तम खणला, आणि पाटकऱ्याचा वाटा तेवढा विसरलो.

एक्सझेडच्या या घटनेवरून बंदिस्त सॉफ्टवेअरच बरे, असा निष्कर्ष काढणारे गृहस्थ मला भेटले आहेत. त्यांचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. जो बिघाड अर्ध्या सेकंदावरून शोधता आला, तो संहिता वाचण्याचा हक्क परक्या माणसालाही होता म्हणून शोधता आला. कुलूपबंद दप्तरात तो कदाचित आजही नांदत असता. याच कारणासाठी हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची जी प्रारूपे ‘ओपन’ म्हणून मिरवितात, पण ज्यांचे केवळ तयार आकडे हाती दिले जातात आणि ती कोणत्या मजकुरावर घडविली ते सांगितले जात नाही, त्यांना मी मुक्त म्हणावयास तयार नाही. जे वाचून तपासता येत नाही व पुन्हा घडविता येत नाही, त्यास भेट म्हणावे. मुक्त म्हणू नये.

एका संस्थेत, बंदिस्त सॉफ्टवेअरच्या परवान्यांपोटी दरसाल लाखो रुपये विनातक्रार मंजूर होत असता, ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर तिचा सगळा कारभार चालतो त्याच्या देखभालीसाठी वर्षाला पन्नास हजार रुपये द्यावेत, असा प्रस्ताव मी ठेवला होता. हिशेबनिसांनी तो परत पाठविला. शेरा होता, ‘बिल जोडलेले नाही.’ मुक्त सॉफ्टवेअर बिल पाठवीत नाही, हे मी त्यांना लेखी कळविले. पुढच्या वर्षी मी पैशांऐवजी वेळ मागितला, आणि माझ्या हाताखालच्या एका तरुण अभियंतीला आठवड्यातील एक दिवस अशा प्रकल्पांच्या दुरुस्त्यांसाठी मोकळा मिळाला. तिच्या चार दुरुस्त्या आजवर स्वीकारल्या गेल्या आहेत.

लासे कॉलिन यांनी चोरवाट काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती २९ मे २०२४ रोजी प्रसिद्ध केली. पाटातला गाळ पुन्हा त्यांनीच काढला. वाचकहो, आपल्यापैकी ज्यांच्या हाती एखाद्या शाळेचे, पतपेढीचे, छापखान्याचे वा कारखान्याचे हिशेब आहेत, त्यांनी या पाडव्याला नवी वही घालताना त्या वहीत पाटकऱ्याच्या नावाने एक खाते उघडावे, एवढी माझी विनंती आहे.