मोहरी तडतडू दे

स्वयंपाक शिकायचं ज्याच्या मनात येतं, तो माणूस आधी खरेदीला जातो. माझ्या भाच्यानंही तेच केलं. नोकरी लागल्यावर पुण्यात बाणेरला दोन मित्रांबरोबर फ्लॅट घेतला, डबा आणि मोबाइलवरून मागवलेलं जेवण यांवर दिवस काढले, आणि ऑफिसच्या तपासणीत कोलेस्टेरॉलचा आकडा वाढलेला दिसला तेव्हा म्हणाला, आता घरीच करायचं. पाठोपाठ ओट्याचा फोटो आला. एअर फ्रायर, ऑलिव्ह तेलाची बाटली, क्विनोआचं पाकीट, चिया, लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या सहा सुऱ्या. डाळ-तांदूळ कुठे दिसेनात.

"अरे, मिसळणाचा डबा कुठाय?" मी विचारलं.

"मावशी, हेल्दी करायचंय ना! फोडणी कशाला?"

आता काय बोलायचं! पौष्टिक जेवण म्हणजे आपल्या घरात कधीच न शिजलेलं काहीतरी, असं या मुलांच्या डोक्यात कुणी भरवलंय कोण जाणे. माझं म्हणणं अगदी उलट आहे. नवशिक्यानं तेच करावं, ज्याची चव त्याच्या जिभेला पाठ आहे. क्विनोआ बिघडला की चांगला झाला, हे त्याला कळणार कसं? वरणाला मीठ कमी पडलंय, हे मात्र पहिल्या घासाला कळतं. चव माहीत असणं ही निम्मी शिकवणी असते आणि ती लहानपणीच, फुकटात होऊन गेलेली असते.

म्हणून आधी वरण-भात. तीन लिटरचा कुकर, एक लोखंडी कढई, एक पातेलं, एक धारदार सुरी, पळी, उलथनं आणि सांडशी. एवढं पुरतं. पोळपाट-लाटणं तूर्त नको. पोळी हा हाताच्या सवयीचा भाग आहे. त्यात पहिल्याच आठवड्यात हात घातला की नकाशे निघतात, पीठ वाया जातं आणि माणूस पुन्हा मोबाइलकडे वळतो. पुण्यात गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत. तिथून चार पोळ्या आणाव्यात, त्यात कमीपणा कसला?

तूरडाळ वाटीभर घ्यायची, दोन-तीन पाण्यांनी धुवायची आणि अर्धा तास भिजत टाकायची. मग तिच्या अडीचपट पाणी, चिमूटभर हळद, हिंग, तेलाचे दोन थेंब. कुकरच्या तळाशी ग्लासभर पाणी घालायचं, हे सांगायला विसरू नये. आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं राहूनच जातं. खाली डाळीचं भांडं, वर तांदळाचं, त्यावर झाकणी. तीन-चार शिट्ट्या. कुकरात दाबामुळे पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास जाऊन उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात रटरटत राहणारी डाळ तिथे झटपट शिजते. एका संध्याकाळी फोन आला, "मावशी, शिट्टीच होत नाहीये, कडेनं नुसती वाफ जातेय." गॅस बंद कर, वाफ पूर्ण जाऊ दे, मग झाकण काढून रिंग नीट बसतेय का बघ, म्हटलं. रिंग सिंकमध्येच होती.

पुढची तक्रार, डाळ शिजत नाही. भिजवली होती, शिट्ट्याही दिल्या होत्या, तरी दाणा आख्खा. त्यांच्या सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार डाळीचं साल-दळ घट्ट धरून ठेवतात. पिण्याचं गाळलेलं पाणी डाळीला वापरून बघ, असं सांगितलं आणि डाळ लोण्यासारखी झाली. वर्षभर जुनी डाळही अशीच हट्टी असते. नवशिक्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. पुष्कळदा दोष पाण्याचा नाहीतर वाण्याचा असतो.

पण खरी शिकवणी फोडणीची. तिथे घाई चालत नाही आणि रेंगाळणंही चालत नाही. दोघा-तिघांच्या भाजीला दोन छोटे चमचे तेल पुष्कळ झालं. बाटलीतून थेट ओतायचं नाही, चमच्यानंच घ्यायचं. तेल तापलं की मोहरीचा एकच दाणा टाकायचा. गप्प बसला तर थांबायचं. फुटून बाजूला उडाला की बाकीची मोहरी. दाण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती टरफल फोडून बाहेर येते, तोच तो तडतड आवाज. तो ओसरू लागला की जिरं, मग गॅस बारीक करून हिंग, मग कढीपत्ता. कढीपत्ता पुसून घ्यावा. ओला टाकला तर तेल मनगटापर्यंत उडतं. हळद आणि तिखट सगळ्यांत शेवटी, आणि ते पडताक्षणी वर भाजी किंवा वरण गेलंच पाहिजे, कारण तिखट दोन श्वासांत काळं पडतं. मोहरी न तडतडता भाजी टाकली तर ती दाताखाली कचकच येते आणि कडवट लागते. नवशिक्यांच्या भाजीत नेमकं हेच होतं, कारण त्यांना आवाजाची भीती वाटते. म्हणून मी फोनवर दुसरं काही सांगायचेच नाही. "मोहरी तडतडू दे," एवढंच. आणि फोन कढईजवळ धरायला लावायची. मोहरी झाली की नाही, हे मला कोथरूडला बसून ऐकू यायचं.

फोडणीत तेल कशाला, उकडूनच खाऊ, असं म्हणणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. हळदीचा रंग, हिंगाचा वास, जिऱ्याचा खमंगपणा हे पाण्यात फारसं उतरत नाही, तेलात उतरतं. दोन चमचे तेलात सगळ्या भाजीला चव येते. बेचव उकडलेलं माणूस चार दिवस खातो आणि पाचव्या दिवशी पिझ्झा मागवतो. तेव्हा पथ्य कुठलं टिकलं?

फोडणी एकदा हाताखाली आली की निम्मा मराठी स्वयंपाक आला, असं मी ठामपणे म्हणते. तीच फोडणी वरणाला दिली, त्यात चिंच-गूळ आणि गोडा मसाला पडला की आमटी. तिच्यात कोबी परतला की भाजी. मोडाची मटकी घातली की उसळ. कालचा भात मोकळा करून परतला की फोडणीचा भात. तिच्यातच कांदा परतून पाणी उकळलं आणि बेसन भुरभुरवत ढवळलं की पिठलं. एकाच क्रियेची ही सगळी पोरंबाळं. (फक्त उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही, तास-दोन तासांत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफवून संपवायचा.) शंभर पाककृतींचे व्हिडिओ बघण्यापेक्षा महिनाभर हेच करावं. वेगळं काही सुचलं तर सुचू द्यावं, पण शोधत बसू नये.

भाज्यांचंही तसंच. पालेभाजी तब्येतीला उत्तम, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मेथीची जुडी निवडायला किती वेळ लागतो, हे घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असतं. ऑफिसातून आठ वाजता आलेल्या मुलाला मेथी निवडायला लावणं म्हणजे त्याला स्वयंपाकातून घालवून देणं. आठवडाभर दुधी, दोडका, लाल भोपळा, कोबी, फरसबी. पालेभाजी रविवारी, तीही टीव्हीसमोर बसून, मित्रांना कामाला लावून.

मग आली कोशिंबीर. आपल्या जुन्या ताटात उजवीकडे भाजी-आमटी आणि डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर असायची. आपण ही डावी बाजू हळूहळू पुसून टाकली आणि तिथे फरसाण आणून ठेवलं. राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ताटाचा साधारण अर्धा भाग भाज्या, फळं, पालेभाज्या आणि कंदांचा असावा असं म्हटलंय, आणि मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. पाच ग्रॅम म्हणजे सपाट छोटा चमचाभर. आमटीतलं मीठ आपल्याला दिसतं. पापड, लोणचं, शेव, ब्रेड आणि पाकिटातल्या नूडल्समधलं दिसत नाही. घरी स्वयंपाक करण्याचा पहिला फायदा हाच की चमचा आपल्या हातात असतो.

भाच्याला मी काकडी चोचवायला शिकवली, ती मात्र समोर बसून. फोनवर ते येत नाही. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, तिच्या टोकावर सुरीनं हलके-हलके उभे-आडवे वार करायचे, आणि मग आडवी सुरी फिरवून तो चोचवलेला थर ताटलीत पाडायचा. किसलेल्या काकडीचा लगदा होतो, चोचवलेली कुरकुरीत राहते. त्यावर दाण्याचं कूट, लिंबू, चिमूटभर साखर, वाटलं तर हिरव्या मिरचीची फोडणी. मीठ ताटात वाढताना, नाहीतर काकडी पाणी सोडून बसते. त्या सहा सुऱ्यांपैकी एकीला काम मिळालं. बाकीच्या पाच अजून ठोकळ्यातच आहेत.

मापांवरून मात्र आम्हा दोघांचं वाजलं. "मीठ किती?" तर आईचं, आजीचं, माझं सगळ्यांचं उत्तर एकच, अंदाजानं. हे उत्तर शिकणाऱ्याच्या काही कामाचं नाही. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक 1970 मध्ये आलं आणि घराघरांत पोचलं, त्यामागे हेही कारण असावं की त्यांनी मापं वाटी-चमच्यात दिली, जी प्रत्येक स्वयंपाकघरात होतीच. ते पुस्तक नव्या नवरीला भेट द्यायची पद्धत होती. मी म्हणते, नोकरीसाठी घर सोडणाऱ्या मुलाला का देऊ नये? आमच्या पिढीनं मुलींना रागावून-रागावून स्वयंपाक शिकवला आणि मुलांना ओट्याच्या जवळही येऊ दिलं नाही. आता तीच मुलं तिशीत येऊन कोलेस्टेरॉल मोजताहेत. म्हणून पहिले काही दिवस वाटी-चमचा काटेकोर वापरावा. महिन्याभरात हात आपोआप बरोबर थांबायला लागतो.

मुगाची खिचडी हा मापांचा सोपा धडा. वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चार वाट्या पाणी, कुकरातच फोडणी, त्यावर मटार-गाजर जे असेल ते. तांदळात जे अमिनो आम्ल कमी असतं ते डाळीत भरपूर, आणि डाळीत जे कमी ते तांदळात. आपल्या आज्यांनी हे वाचलं नव्हतं, पण ताटात बरोबर मांडलं होतं. ज्या दिवशी दमलेले असाल त्या दिवशी एवढंच करा. वर तूप, सोबत ताक.

आता एक विनंती, शिकणाऱ्यांना नव्हे, त्यांच्या घरच्या मोठ्यांना. पोरानं पहिल्या आमटीचा फोटो पाठवला तर "पातळ वाटतेय" असं लगेच लिहू नका. विचारलं तरच सांगा, तेही एकच गोष्ट. आणि सुट्टीत घरी आल्यावर त्याला एक दिवस सगळा स्वयंपाक करू द्या, मध्ये जाऊन पळी हातातून घेऊ नका, आणि नंतरचा ओटाही त्यालाच पुसू द्या.