अंगावर काढलेले दिवस

मराठीत 'अंगावर काढणे' हा वाक्प्रचार दुखण्यासाठी वापरतात. डॉक्टरकडे न जाता, कोणाला न सांगता सोसत राहणे, हा त्याचा अर्थ. बायकांच्या बोलण्यात मात्र 'अंग' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. 'अंगावरून जाते', 'अंग बाहेर आले' असे बायका हलक्या आवाजात सांगतात तेव्हा ते अंग म्हणजे सगळे शरीर नसते. ज्या भागाचे नाव उच्चारायचे नाही त्याला सबंध देहाचेच नाव देऊन मोकळे व्हायचे, ही आपल्या भाषेने शोधलेली पळवाट. या दोन अर्थांच्या मध्ये मी जवळजवळ दोन वर्षे अडकून पडले होते.

आंघोळ करताना एक दिवस बोटाला काहीतरी लागले. बाहेरच्या ओठाच्या कडेला, जांघेच्या बाजूने, तांदळाच्या दाण्याएवढे, मऊ, बारीक देठाला लोंबणारे. दुखत नव्हते, खाजत नव्हते. वर्षभरात ते तुरीच्या दाण्याएवढे झाले आणि उन्हाळ्यात चालताना घासू लागले. तेव्हा मी छेचाळीस वर्षांची होते. दोन बाळंतपणे झालेली, शिकलेली, नोकरी करणारी बाई. तरीही मी कोणाला काही सांगितले नाही.

मनात आलेला पहिला शब्द 'चामखीळ'. आमच्या आजोबांच्या मानेवर अशी एक होती आणि आजीने ती घोड्याच्या केसाने बांधून पाडली होती, तीही ओसरीवर, सगळ्यांच्या देखत. मानेला लाज नसते. माझ्याही मानेवर बारीक दोन-तीन होत्याच, त्यांचा मी कधी विचारही केला नव्हता. पण 'चामखीळ' हा आपला एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींना पुरवलेला आहे, हे मला तेव्हा कळले नव्हते. इंटरनेटवर शोधले तर त्या शब्दाचा माग एका विषाणूपर्यंत गेला आणि तो विषाणू शरीरसंबंधातून पसरतो असे वाचले. मी संगणक बंद केला. त्या रात्रीपासून माझ्या संसारात तिसरे कोणीतरी राहायला आले.

यजमानांची दोन वर्षे बदलीच्या गावी गेली होती. मी त्या दोन वर्षांचा हिशोब मांडू लागले. कोणत्या सुट्टीत ते आले नाहीत, कोणाचे नाव बोलण्यात वारंवार येई. पुरावा काही नव्हता, पण संशयाला पुरावा लागत नाही. मी भिंतीकडे तोंड करून झोपू लागले. "काय झालंय तुला?" असे त्यांनी दोन-तीनदा विचारले. "काही नाही," असे मी दर वेळी म्हणाले.

शेवटी एका दुपारी आजीचाच उपाय करून पाहिला. शिवणाचा दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी तो भाग काळानिळा झाला, सुजला आणि दोरा काढताना रक्त आले. ते रक्त पाहून मला माझी आत्या आठवली. तिच्या अंगावरून जात होते. तिने ते वर्षभर अंगावर काढले आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग असल्याचे कळले तेव्हा फार उशीर झाला होता. त्याच संध्याकाळी मी स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. दिव्याच्या उजेडात त्यांनी नीट तपासले आणि विचारले, "हे दोऱ्याचं काम कोणी केलं, मॅडम?" मी गप्प. मग त्यांनी समजावून सांगितले. जिथे त्वचेला त्वचा घासते तिथे, म्हणजे मान, काख, जांघ, स्तनांखाली, असे मऊ कोंब येतात. वाढते वय, वाढते वजन, गरोदरपण, मधुमेहाकडे झुकलेली प्रकृती, यांच्याशी त्यांचे नाते असते. ते संसर्गजन्य नसतात आणि एरवी निरुपद्रवी असतात. विषाणूमुळे येणाऱ्या चामखिळी बहुधा खरबरीत, पुष्कळदा पुंजक्याने येतात. त्या बहुतेक वेळा एचपीव्हीच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतात, तर कर्करोगाशी प्रामुख्याने १६ आणि १८ या प्रकारांचा संबंध आहे. "आणि समजा, ती चामखीळ असती," त्या म्हणाल्या, "तरी संसर्ग कधी झाला हे तिच्यावरून सांगता येत नाही. विषाणू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे गुप्त राहतो." मी विचारलेले नसताना त्यांनी हे का सांगितले असेल? माझ्यासारख्या बायका त्यांच्याकडे रोज येत असाव्यात.

दोऱ्याची जखम भरल्यावर त्यांनी ती जागा बधिर करून तो कोंब कापून काढला आणि मुळाशी विजेने डाग दिला. सगळे मिळून पंधरा मिनिटे. कोणी द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात. त्रास नसेल तर काहीच न करता सोडून दिले तरी चालते. फक्त बाजारातली चामखिळीची औषधे, व्हिनेगर, चुना, असले काही त्या नाजूक जागी लावायचे नाही. आणि गाठ भराभर वाढली, रंग बदलला, तिच्यातून रक्त आले किंवा व्रण भरेना, तर थांबायचे नाही. काढलेला तुकडा त्यांनी तपासणीला पाठवला. अहवाल निर्धोक आला. साखर मात्र सीमेवर निघाली. म्हणजे ज्या कोंबाची मी लाज धरली, तो खरे तर निरोप घेऊन आला होता.

र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे चालवले. वाचकांच्या अशाच खाजगी प्रश्नांना त्यात मराठीतून सरळ उत्तरे मिळत आणि त्यापायी कर्व्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. कर्व्यांविषयी मी अभिमानाने बोलत आले आहे. पण माझ्यावर वेळ आली तेव्हा साध्या एका अवयवाचे नाव माझ्या तोंडातून निघाले नाही. डॉक्टरांपुढेही मी 'तिकडे' असेच म्हणाले.

अहवाल आला त्या रात्री मी यजमानांना सगळे सांगितले, संशयासकट. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं असेल." दोन वर्षे त्यांनीही काहीतरी अंगावर काढले होते.

तो कोंब पंधरा मिनिटांत गेला. हे जायला वेळ लागतो आहे.