सुट्या भागांचा रस्ता

मुंबईला गेलात की तुम्ही काय काय पाहता? राणीची बाग, गेट वे ऑफ इंडिया, नेहरू तारांगण, नाहीतर गिरगावची चौपाटी! पण याच मुंबईत एक रस्ता असा आहे, जिथे संगणक सुटा सुटा मिळतो. भाजीबाजारात कशी एकीकडे कोथिंबीर, दुसरीकडे बटाटे आणि तिसरीकडे मिरच्या असतात, तसे इथे एका दुकानात प्रोसेसर, दुसऱ्यात मेमरी आणि तिसऱ्यात नुसते पंखे आणि वायरी! हव्या त्या वस्तू निवडायच्या, जोडून घ्यायच्या, की झाला संगणक तयार. या रस्त्याचं नाव लॅमिंग्टन रोड.

पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोड स्टेशनवर उतरायचे आणि पूर्वेला बाहेर पडायचे. थोडेसे चाललात की रस्ता लागतो. पाटीवर मात्र नाव दिसेल ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’. पण कोणालाही विचारा, तो लॅमिंग्टन रोडच म्हणणार. हा लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. पुढे १९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये क्रांतिवीर ऊधमसिंग यांनी मायकेल ओड्वायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा जे जखमी झाले त्यांत हे लॅमिंग्टनसाहेबही होते, बरं का!

एके काळी हा रस्ता सिनेमांसाठी प्रसिद्ध होता. १९७५ साली आलेला ‘शोले’ इथल्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षे चालला. ते थिएटर आता उरलेले नाही. सिनेमाच्या जोडीने इथे आणखी एक बाजार होता, रेडिओच्या सुट्या भागांचा. रेडिओ गेले, टीव्ही आले, मग संगणक आले. बाजार बदलत गेला, पण सुटे भाग विकण्याची रीत तशीच राहिली.

आम्ही तिथे गेलो २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत. आमची शाळा जिल्हा परिषदेची, शहापूर तालुक्यातली, सातवीपर्यंत. त्या वर्षी गणपतीत गावच्या मंडळाने सजावटीचा खर्च आवरता घेतला, घरोघर वर्गणी काढली आणि शाळेला संगणकासाठी ४२ हजार रुपये दिले. त्यात कोणाच्या भाजी विकून आलेल्या शंभराच्या नोटा होत्या, कोणाचे मजुरीचे पन्नास होते. त्यामुळे एकही रुपया वाया जाऊन चालणार नव्हते. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळा गाव भाऊ म्हणतो, ते आणि मी निघालो. सोबत सातवीतली दोघं होती, एक मुलगा आणि एक मुलगी. संगणक मुलांचा, तर निवडताना मुलं हवीतच, नाही का?

निघण्यापूर्वी वर्गात आम्ही फळ्यावर एकच प्रश्न लिहिला होता : ‘संगणक कशासाठी हवा?’ उत्तरे भराभर आली. मराठीत टाइप करायला, नकाशे पाहायला, गणिताचे खेळ खेळायला, चित्रं काढायला, विज्ञानाच्या फिल्म पाहायला. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, मारामारीचे गेम!” सगळे हसले. पण तेही मी फळ्यावर लिहिले आणि मतदान घेतले. गेम हरला! उरलेली यादी मुलीने वहीत उतरवून घेतली.

आसनगावहून लोकल, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. पहिल्याच दुकानात मुलाचे पाय खिळले. समोर काचेची पेटी, आत निळे-जांभळे दिवे लावलेले पंखे गरगर फिरताहेत. संगणकाच्या पेटीला इथे सगळे ‘कॅबिनेट’ म्हणतात. दुकानदाराने विचारले, “बजेट किती?” मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, “काका, आधी काम सांगते, मग बजेट.” आणि तिने यादी वाचून दाखवली. दुकानदार हसला. म्हणाला, “असं गिऱ्हाईक पाहिजे! या कामाला पहिलवान कशाला? चपळ माणूस पुरे.”

आता गंमत ऐका. संगणकात हिशेब करतो तो प्रोसेसर. आपण पाहिला तो इंटेल कंपनीचा, क्रमांक १२१००. आकार जेमतेम साडेचार सेंटिमीटर लांब आणि पावणेचार सेंटिमीटर रुंद. आत चार ‘कोअर’, म्हणजे एकाच वेळी कामाला बसलेले चार कारकून समजा. शेजारच्या दुकानात तोच प्रोसेसर थोड्या कमी किमतीत होता. मुलगा आनंदाने म्हणाला, “बाई, इथे स्वस्त आहे!” मुलीने खोक्यावरचे नाव पुन्हा वाचले. १२१०० च्या पुढे एक अक्षर होते, ‘एफ’. तिने विचारले, “हे एफ कशाला?”

विचारले ते बरे झाले! साध्या १२१०० च्या पोटात पडद्यावर चित्र उमटवणारा भागही असतो. ‘एफ’वाल्यात तो नसतो. तो घेतला तर वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते, नाहीतर मॉनिटर काळाच्या काळा! मोठे खेळ खेळणारे लोक कार्ड वेगळे घेतातच, त्यांच्यासाठी ‘एफ’ ठीक. आपल्यासाठी मात्र ती स्वस्ताई महागात पडली असती. पाहा, एका अक्षराची किंमत केवढी!

प्रोसेसर बसतो मदरबोर्डवर. हा बोर्ड म्हणजे जणू गावच. इकडून तिकडे तांब्याचे रस्ते आणि प्रत्येकाची ठरलेली जागा. पण कोणाच्याही घरात कोणीही राहू शकत नाही. या प्रोसेसरच्या खाली १७०० ठिपके असतात आणि बोर्डवरच्या सॉकेटमध्ये १७०० बारीक टोके. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचे सॉकेट वेगळे. त्यामुळे एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डवर बसतच नाही. मेमरीचेही तसेच. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिनाच असतात, पण मधली खाच थोडी सरकवलेली असते. म्हणजे चुकीची पट्टी चुकीच्या जागी जाऊच नये. आमचा बोर्ड डीडीआर-४ चा होता.

भाऊ एवढा वेळ गप्प होते. ते एकदम म्हणाले, “म्हणजे जोडी जमली पाहिजे म्हणा की! एक बैल खिलारी आणि दुसरा मरतुकडा, तर गाडी मरतुकड्याच्याच चालीने जाणार.” दुकानदाराने टाळी दिली. संगणक घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य लिहून ठेवावे. प्रोसेसर महागातला घेतला आणि साठवण जुन्या पद्धतीची घेतली, की संगणक सुरू व्हायलाच इतका वेळ लागतो की तोवर चहा होतो.

साठवणीचे पाहा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या मारतात आणि एक सुई माहिती शोधत हिंडते. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसतेच. म्हणून ती झटपट चालते आणि धक्क्यालाही टिकते. आम्ही घेतली ती २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, च्युइंगगमच्या कांडीएवढी! मावते ५०० जीबी. एसएसडी म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे अभ्यासाचे टेबल. कपाटात पुस्तके कायमची राहतात, टेबलावर आता वाचायची तेवढीच. वीज गेली की टेबल साफ!

टेबल केवढे घ्यायचे? १६ जीबी पुरे, हे ठरले. पण एकच १६ ची पट्टी घ्यायची की आठ-आठच्या दोन? बोर्डला जागा दोनच. मुलगी म्हणाली, “एकच घेतली तर पुढे दुसरी लावता येईल ना?” प्रश्न रास्त होता. पण दोन पट्ट्या एकाच वेळी काम करतात, तेव्हा माहिती दोन दारांनी ये-जा करते. शिवाय आमच्या प्रोसेसरला चित्रासाठी लागणारी मेमरीही रॅममधूनच उसनी घ्यावी लागते. शाळेच्या कामाला १६ जीबी बरीच वर्षे पुरतील, असा विचार करून दोन घेतल्या. इथे उत्तर एकच नसते. काय मिळवले आणि काय सोडले, ते मात्र ठाऊक असले पाहिजे.

मग आला सगळ्यात दुर्लक्षित गडी, एसएमपीएस. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन तो संगणकाला १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज देतो. एका दुकानात मोठ्या आकड्याचा, पण हलकाफुलका आणि अगदी स्वस्त डबा दाखवला. दुसऱ्या दुकानातल्या वयस्कर काकांनी तसाच एक डबा आमच्या हातात दिला आणि दुसऱ्या हातात चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा. चांगला डबा केवढा जड! “आत तांबं आणि चांगले भाग असले की वजन येतंच,” ते म्हणाले. “माझे वडील इथे रेडिओचे व्हॉल्व्ह विकायचे. ते सांगायचे, आधी वीज सांभाळ, मग आवाज.” जड डब्यावर ‘८० प्लस’ असा शिक्का होता. म्हणजे घेतलेल्या विजेतली निदान ऐंशी टक्के वीज कामाला लागते, बाकीची उष्णता होऊन जाते. आमच्या प्रोसेसरला फार झाले तर ८९ वॅट लागतात. त्यामुळे ४५० पुरून उरणार होते.

आता शिल्लक मोजली. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस धरून जे उरले, त्यात एकच गोष्ट येणार होती. दिव्यांचा काचेचा कॅबिनेट, नाहीतर साधा कॅबिनेट आणि यूपीएस. मुलगा काचेच्या पेटीकडे पाहत राहिला. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, “आपल्याकडे पावसात लाइट किती वेळा जाते!” आणि मग, जरा हळू आवाजात, “यूपीएस घेऊ.” भाऊंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ६०० व्हीएचा तो यूपीएस काही तासभर चालत नाही. थोडीच मिनिटे देतो. पण केलेले काम जपून ठेवायला आणि संगणक नीट बंद करायला ती मिनिटे पुरतात.

एका दुकानात “विंडोज फुकट टाकून देतो” असेही कोणी म्हणाले. फुकट म्हणजे चोरीची प्रत! शाळेत आम्ही ‘चोरी करू नये’ शिकवणार आणि संगणकात चोरीचा माल ठेवणार? आम्ही लिनक्स घेतले. त्याचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतला, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. लिनक्स कायदेशीरपणे फुकट मिळते आणि त्यात मराठीही उत्तम चालते.

जोडणी सुरू झाली, तेव्हा मुलांना टेबलाजवळ उभे राहू दिले. आधी धातूला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो. तो सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि प्रोसेसर अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. वर पंखा. त्याच्या तळाला उष्णता वाहून नेणारा राखाडी लेप असतो. पंख्याच्या चार खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत दाबायच्या. रॅमच्या पट्ट्या ‘टक’ आवाज येईपर्यंत. ती दाबली मुलीने. कळ मात्र मुलाने दाबली.

पडदा उजळला. रॅमपुढे आकडा आला, १६३८४. मुलगा गोंधळला, “आपण तर १६ घेतले!” मुलीने वहीत गुणाकार मांडला : १६ गुणिले १०२४. उत्तर बरोबर १६३८४! संगणकाची एक जीबी म्हणजे १०२४ एमबी, हा धडा कोणी न शिकवताच झाला.

प्रत्येक भागाचा क्रमांक घालून जीएसटीचे पक्के बिल घेतले. कारण इथे प्रत्येक भागाची हमी वेगवेगळी असते आणि बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो. तुम्हीही कधी गेलात, तर भाव त्याच दिवशी तीन दुकानांत विचारा. हे भाव फार हलतात. २०२५ च्या अखेरीस जगभर मोठमोठ्या संगणक केंद्रांची मागणी वाढली आणि रॅम एकदम महागली, ती याच बाजारात आधी कळली असणार.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी लाइट गेली. पाचवीची एक मुलगी आजीने सांगितलेली गोष्ट टाइप करत होती. यूपीएस बीप बीप करू लागला. तिने शांतपणे गोष्ट जपून ठेवली, संगणक बंद केला आणि अंधाऱ्या वर्गात पुढची गोष्ट वाचण्याऐवजी तोंडी सांगितली.

संगणकाच्या कॅबिनेटवर आत एक कागद चिकटवला आहे. त्यावर सगळ्या भागांची नावे, खरेदीची तारीख आणि शेवटी मुलांच्या अक्षरात एक ओळ : ‘रॅम डीडीआर-४ च घ्यावी. खाच बघून लावावी.’ ती दोघं आता हायस्कूलला गेली आहेत. पुढे कधी पेटी उघडायची वेळ आली, तर नव्या मुलांना तो कागद उपयोगी पडेल.