चालू खात्यातील शिल्लक

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी तूर, हरभरा आणि डाळींचा व्यापार करणारी एक तीन पिढ्यांची पेढी आहे. पेढीचे मालक अडुसष्ट वर्षांचे. रोज सकाळी स्थानकातून परतले की गादीवर बसण्यापूर्वी ते बँकेतील शिल्लक पाहतात. गावातील सहकारी बँकेच्या चालू खात्यात सरासरी १८ लाख रुपये असावेत, असा त्यांचा अलिखित दंडक होता. आकडा १५ लाखांखाली गेला की त्या दिवशी घरातही फारसे बोलणे होत नसे.

धाकट्या मुलाला हे पटत नव्हते. चालू खात्यावर बँक व्याज देत नाही. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. त्याच वेळी दुसऱ्या, राष्ट्रीयीकृत बँकेतील कॅश क्रेडिट खात्यात १४ लाखांची उचल होती आणि तिच्यावर दहा टक्क्यांनी व्याज भरले जात होते. म्हणजे एका खिशातील पैसा निजलेला आणि दुसऱ्या खिशासाठी वर्षाला १ लाख ४० हजारांचे व्याज. मुलगा म्हणाला, "बाबूजी, आपण आपलेच पैसे विकत घेतो आहोत." बाबूजींनी उत्तर दिले नाही.

त्यांच्या मौनाला कारण होते. १९९४ साली जालन्याच्या एका डाळ मिलला त्यांनी दिलेला चेक परत गेला होता. खात्यात २,३०० रुपये कमी पडले होते. नागपूरच्या व्यापाऱ्याचा चेक वसुलीस गेलेला, तो जमा झाला असेल असे गृहीत धरलेले. परगावचा चेक वटायला त्या काळी दोन-तीन आठवडे सहज लागत. चेक न वटणे हा फौजदारी गुन्हा होऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. पण भीती कोर्टाची नव्हती. ते रात्रीच्या एस.टी.ने रोख घेऊन जालन्यास गेले. मिलमालकाने पैसे मोजून घेतले, चहा पाजला, एक शब्द वावगा बोलला नाही. मात्र पुढील दीड वर्ष डिमांड ड्राफ्ट हाती आल्याखेरीज त्याने एक पोतेही गाडीत चढवले नाही. ही हकिगत घरात कोणालाच ठाऊक नव्हती. ती त्यांनी सांगितली ती सुनेला, आणि तीही हिशेबाच्या ओघात.

पेढीची पुस्तके सूनच पाहते. सासरे आणि पती या दोघांपैकी कोणाचीही बाजू न घेता तिने वर्षभराचा खातेउतारा काढला आणि रोजच्या अखेरच्या शिल्लकेतून सर्वांत लहान आकडा शोधला. खरे पाहता या प्रश्नाचे अर्धे उत्तर उताऱ्यातच असते. सरासरी पाहणारा फसतो, तळ पाहणारा फसत नाही. तळ लागला तो २० मार्चला. तुरीपाठोपाठ हरभऱ्याची आवक सुरू, शेतकऱ्याच्या मालाचे पैसे त्याच दिवशी चुकते करायचे, किरकोळ दुकानदारांकडून येणे मात्र महिना-दीड महिन्याने. त्यात १५ मार्चचा आगाऊ आयकर आणि २० तारखेचा पॅकिंगच्या मालाचा जीएसटी. एवढ्या ताणातही त्या दिवशी शिल्लक होती ११ लाख ४० हजार. म्हणजे वर्षाच्या ३६५ दिवसांत या रकमेला कोणी हात लावला नव्हता.

बाबूजी म्हणाले, "आनंद श्रावकाने बारा कोटींपैकी चार कोटी निधानातच ठेवले होते ना?" चातुर्मासात ही कथा त्यांनी अनेकदा ऐकलेली. चार कोटी निधानात, चार कोटी व्याज-व्यवहारात, चार कोटी घरसंसारात. सून अदबीने म्हणाली, "हो बाबूजी, पण मर्यादा त्यांनी निधानालाही घातली होती." आनंदाच्या निधानाला कुलूप त्याचे स्वतःचे होते, हेही येथे विसरता येत नाही. बँक अडचणीत आली तर ठेव विमा मिळतो तो एका ठेवीदारास एका बँकेत ५ लाखांपर्यंत. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची, त्यापूर्वी ती १ लाख होती. पेढी एकमालकी असल्याने तिचे चालू खाते आणि बाबूजींचे बचत खाते यांची बेरीज होऊनच ५ लाख मोजले जातात. सासूबाईंची ठेव तर पतसंस्थेत होती, आणि पतसंस्थांना हा विमा मुळीच लागू नाही. हे कळल्यावर सासूबाईंनी वादाचा निकाल लागण्याची वाट पाहिली नाही. मुदत संपताच ठेव काढून घेतली.

मुलाचे म्हणणे होते की सगळे ११ लाख कॅश क्रेडिटमध्ये भरावेत; व्याज रोजच्या उचलीवर लागते, गरज पडली की पुन्हा काढता येतात. ते बरोबर, पण पुरते नव्हे. उचलीची मर्यादा गोदामातील माल आणि येणे यांच्या पत्रकावर ठरते. माल घटला की मर्यादाही घटते, आणि माणसाला पैसा लागतो तो नेमका अशाच वेळी. सुनेने सर्वांत मोठ्या उधारीदाराचे खाते उघडून दाखवले : ४ लाख. तो बुडाला किंवा लांबला तर काय, एवढाच प्रश्न. त्या ४ लाखांची राष्ट्रीयीकृत बँकेत केव्हाही मोडता येईल अशी मुदत ठेव, ७ लाख कॅश क्रेडिटमध्ये आणि एरवीची चालू शिल्लक ७ लाख, असा मेळ तिने घातला.

बाबूजींनी वही पुढे ओढली, ७ चे ८ केले, आणि कॅश क्रेडिटचे ७ चे ६. मुलगा काही बोलू लागला तेव्हा सुनेने त्याला नजरेनेच थांबवले. लाखाचे दहा हजार व्याज वर्षाला जाईल; जाऊ दे. ५ लाखांवरची रक्कम विम्याबाहेर राहते, हेही तिघांना ठाऊक आहे. गावातील वसुली त्याच बँकेत येते, शाखेत माणसे ओळखीची आहेत, तेव्हा तेवढी जोखीम त्यांनी जाणून पत्करली आहे. बाकी ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी वटू लागल्याने दिलेला चेक दोन दिवसांनी लागेल हा जुना भरवसा संपला आहे. आता चेकवर सही करण्याआधी शिल्लक पाहण्याचे काम मुलाकडे आले आहे.

आठचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर आहे. सुनेने तो पेन्सिलीने लिहून घेतला आहे; २० मार्चनंतर उतारा पुन्हा पाहायचा ठरले आहे.