एक मिनिट, आई



पंढरीहून वारकरी परत आला की घरातले माणूस तांब्याभर पाणी घेऊन उंबऱ्याशी येते, त्याच्या पायांवर पाणी घालते, भाकरतुकडा ओवाळून टाकते आणि वाकून नमस्कार करते. त्या दिवशी वयाचा मान बाजूला राहतो. थोरही लहानाच्या पाया पडतात, कारण ती पावले चंद्रभागेच्या वाळवंटातून आलेली असतात. आपल्या घरीही हे होत असेल. तीन वर्षांपूर्वी माझ्या घरी हे झाले तेव्हा मी काय केले, ते आज आपल्यापुढे सांगायचे आहे. सांगताना संकोच वाटतो. पण दोष लपवला की तो वाढतो, हे आपण कीर्तनातून ऐकत आलो आहोत.

आई तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. वय 81. गुडघे गेलेले, भिंतीला धरून तिथपर्यंत आलेली. नेमका त्याच वेळी माझ्या खिशातला फोन वाजला. दिंडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणी रिंगणाचे फोटो टाकले होते आणि त्यांत मला ओळखून दोघा-तिघांनी नमस्कार लिहिला होता. मी डावा हात वर केला, म्हणालो, "एक मिनिट, आई," आणि उत्तरे लिहू लागलो. एकाला लिहिले, मग दुसऱ्याला, मग एक फोटो मोठा करून पाहिला. मान वर केली तेव्हा आईचा हात थरथरत होता आणि तांब्यातले पाणी हिंदकळून तिच्याच लुगड्यावर सांडले होते. ती काही बोलली नाही. उरलेले पाणी तिने माझ्या पायांवर घातले.

आईची आणि वारीची गोष्ट थोडी सांगायला हवी. वडील दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालत. आई मात्र पहिली कितीतरी वर्षे जाऊ शकली नाही. आम्ही लहान, गोठ्यात गुरे, आणि पेरणीचे दिवस. पौर्णिमेचा काला करून वडील परत आले की पुढचे आठ दिवस रात्रीच्या जेवणानंतर ओट्यावर वारी पुन्हा चालायची. दिवे घाटात यंदा पाऊस कसा लागला, नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान कसे झाले, चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात अश्व कसा सुटला, वाखरीच्या तळावर कोण भेटले. वडील काही मोठे वक्ते नव्हते. पण पाहिलेले सगळे त्यांच्या जिभेवर असायचे. आळीतली माणसे कंदिलाभोवती बसून ऐकत. आई भांडी घासता घासता ऐके आणि मध्येच विचारी, "मग पुढं?" पुढे आम्ही मोठे झालो आणि तीही चालू लागली. पहिली वारी करून आली तेव्हा म्हणाली, "मला वाट नवी वाटलीच नाही. सगळी ऐकलेली होती."

वडील गेले, आईचे गुडघे गेले आणि वारी माझ्याकडे आली. मग 2020 साल उजाडले. त्या आषाढीला पायी सोहळा झाला नाही. संतांच्या पादुका एस.टी.च्या बसने पंढरीला गेल्या. आईने ते फोनवर पाहिले. मांडीवर उशी, उशीवर फोन, आणि पडद्यावरच्या बसला तिने हात जोडले. डोळ्यांतले पाणी पुसायचे भान तिला नव्हते. म्हणून सांगतो, हा लेख फोनला शिव्या देण्यासाठी नाही. त्या वर्षी आमच्या घरात पंढरी आली ती त्या हातभर उजेडातूनच आली. आजही पंढरपूरच्या गाभाऱ्यातले दर्शन अंथरुणाला खिळलेल्या कितीतरी माणसांना घरबसल्या होते. वाटेत चुकलेली म्हातारी माणसे एका फोनने आपल्या दिंडीत परत येतात. पुढचा मुक्काम कुठल्या रानात, पाण्याचा टँकर कुठे थांबला, कोणाला ताप भरला, हे सगळे आता फोनवरच कळते. हे उपकार नाकारणे खोटेपणाचे होईल.

पण त्यानंतर माझे एक झाले. आईला घरी वारी दिसावी म्हणून मी फोन काढू लागलो, तो काढतच राहिलो. तीन वर्षांपूर्वी सदाशिवनगरला, पुरंदवडेच्या मैदानावर गोल रिंगण होते. मी आईला आधीच फोन लावून ठेवला होता. पताका घेतलेले, तुळशीवाल्या, विणेकरी धावले. मग स्वाराचा अश्व आला आणि त्याच्यामागे माउलींचा. मी फोन दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. आजूबाजूला पाहाल तर हातांचे रान उगवलेले, आणि प्रत्येक हातात एक फोन. हजारो फोन एकाच वेळी एकाच टॉवरला हाक मारत होते. मग व्हायचे तेच झाले. पडद्यावर आईचा चेहरा थिजला. मी फोन हलवला, उंच केला, बंद करून पुन्हा लावला. एवढ्यात लोकांचा गजर झाला आणि माणसे टापांखालची माती कपाळाला लावायला रिंगणात शिरली. माउलींचा अश्व माझ्यापासून चार हातांवरून गेला होता. आईला तो दिसला नाही, आणि तिथे उभा असलेल्या मलाही दिसला नाही.

त्याच संध्याकाळी माळशिरसच्या तळावर समाज आरती होती. आपल्यापैकी ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे. शेकडो दिंड्यांचे टाळमृदंग चाललेले असतात. चोपदार दंड वर करतात आणि क्षणात सगळे थांबते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. तिची तक्रार ऐकली जाते. मग सापडलेल्या आणि हरवलेल्या वस्तू पुकारल्या जातात. एवढ्या माणसांत एवढी शांतता मी दुसरीकडे कुठे अनुभवलेली नाही. त्या शांततेत माझा फोन वाजला. रिंगटोन भजनाचीच होती, पण त्या क्षणी तीही कर्कश लागली. हाक आईची होती. दुपारी अर्धवट राहिलेले रिंगण तिला विचारायचे असावे. शेजारचे वयस्कर टाळकरी रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "माउली, घरचं असंल. घ्या." रागावले असते तर बरे वाटले असते.

आता पुन्हा घरी येतो. पाय धुऊन झाले, जेवणे झाली. आई ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "हं. सांग आता."

मी म्हणालो, "आई, रोज व्हिडिओ पाठवलेत की. पाहिले नाहीस का?"

"पाह्यले रं. सूनबाईनं दाखवले. तू सांग."

मी सांगायला बसलो आणि माझ्या ध्यानात आले की माझ्याजवळ सांगण्यासारखे काहीच नाही. दिवे घाटात पाऊस होता का? व्हिडिओत पाहावे लागेल. नीरेला पाणी किती होते? फोटो काढला होता, आठवत नाही. अश्व कोणत्या बाजूने आला? मी गप्प बसलो. आई थोडा वेळ थांबली, मग म्हणाली, "दमला असशील. नीज जा." आणि भिंतीला धरून आत गेली. त्या रात्री मला कळले की पंढरीहून माझी पावले तेवढी आली होती. वारी फोनमध्ये राहिली होती.

पुढे श्रावणात आमच्या गावच्या सप्ताहात पुंडलिकाच्या चरित्रावर कीर्तन झाले. कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पुंडलिक आई-वडिलांच्या सेवेत होता, देव दारी आला, आणि त्याने वीट पुढे सरकवून देवाला थांबायला सांगितले. कीर्तनकार महाराज पुढे काय बोलले ते माझ्या कानात शिरलेच नाही. मला उंबऱ्यात तांब्या घेऊन उभी असलेली आई दिसली. पुंडलिकाने आई-वडिलांसाठी देवाला थांबवले. मी फोनसाठी आईला थांबवले. माझ्या घरची वीट उलट्या जागी पडली होती.

वाचकहो, आपणही एक दिवस मोजून पाहा. "एक मिनिट" हे शब्द दिवसातून किती वेळा तोंडी येतात आणि कोणाला उद्देशून येतात? वही दाखवायला आलेल्या नातवाला, ताट वाढून उभ्या असलेल्या घरच्या लक्ष्मीला, औषधाची गोळी कोणती म्हणून विचारणाऱ्या वडिलांना. फोनला मात्र आपण कधी "एक मिनिट" म्हणत नाही. तो वाजला की देवघरातूनही उठतो.

कोणी म्हणेल, फोनवरचे दर्शन हे दर्शनच नव्हे. मला तसे वाटत नाही. सावतोबांनी अरणच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला, असे परंपरा सांगते. तेव्हा अंतराची अडचण आपल्या संप्रदायाला कधीच नव्हती. सावतोबांचे चित्त मात्र मळ्यात होते. हातात खुरपे आणि त्याच खुरप्याखाली देव. तंद्री लागणे हेही वाईट नाही. गोरोबाकाका माती तुडवताना नामात इतके बुडाले की पायाखाली पोर आल्याचेही भान राहिले नाही. ती कथा ऐकताना अंगावर काटा येतो. आज तसेच बेभान होऊन आपण फोनमध्ये बुडतो, आणि पोर शेजारी हाका मारत असते. बुडतो सारखेच; कशात बुडतो, एवढाच प्रश्न आहे. सकाळी विठ्ठलाचे चित्र 40 जणांना पुढे पाठवले म्हणजे 40 वेळा नाम घेतले असे होत नाही. त्यात फक्त अंगठा हलतो. ओठ हलत नाहीत.

पुढच्या वारीआधी दिंडीच्या बैठकीत मी हे सगळे बोलून दाखवले. कोणी हसेल असे वाटले होते. पण प्रत्येकाजवळ अशी एक गोष्ट निघाली. मग आम्ही साधा नेम ठरवला. सकाळी पालखी निघाली की विसाव्यापर्यंत फोन पिशवीत. अडीअडचणीसाठी दिंडीतल्या दोघांचे फोन चालू, आणि ते नंबर सगळ्यांच्या घरी दिलेले. रात्री जेवणानंतर अर्धा तास ज्याने त्याने घरी बोलावे. रिंगणात आणि समाज आरतीला फोन काढायचाच नाही. पहिले दोन दिवस हात सारखा खिशाकडे जाई. तिसऱ्या दिवशी टाळ नीट वाजू लागला. टाळाला दोन्ही हात लागतात, हे इतकी वर्षे टाळ धरून मला पहिल्यांदाच उमगले.

त्या वर्षी मी सदाशिवनगरचा अश्व पाहिला. परत आलो तेव्हा आई तांब्या घेऊन उंबऱ्यात होती. या वेळी फोन पिशवीच्या तळाशी होता. पाय धुऊन झाल्यावर मी आधी तिच्या पाया पडलो. रात्री ओट्यावर बसलो आणि सांगू लागलो. दिवे घाटात पाऊस नव्हता, उन्हाने डोकी तापली होती, वरच्या वळणावर वारा लागला तेव्हा सगळ्या दिंडीने एकदम "माउली" म्हटले. नीरेला पाणी गुडघाभर. रिंगणात माउलींचा अश्व आमच्या समोर आला तेव्हा मान किंचित डावीकडे झुकली होती, आणि त्याच्या नाकपुड्यांचा आवाज मला ऐकू आला.

आई म्हणाली, "मग पुढं?"

वडिलांच्या वेळी भांडी घासताना म्हणायची, त्याच आवाजात. आठ दिवस असे चालले. शेजारच्या दोन म्हाताऱ्याही येऊन बसू लागल्या. नवव्या दिवशी सांगायचे संपले, तेव्हा आई नातवाला म्हणाली, "आण रे तुझा तो फोन. त्यात कुणीतरी टाकलं असंल रिंगण." नातवाने शोधून दिले. आई चष्मा लावून, फोन डोळ्यांजवळ धरून सगळे पाहत राहिली. शेवटी तिने फोन त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "दिसतंय चांगलं. पण ते नाकपुड्यांचं ह्यात आलं नाही."

राम कृष्ण हरी.