तोयामाची औषधपेटी

गेल्या वैशाखांत आम्ही उभयतां जपानांत गेलों होतों. टोकियो आणि क्योटो हीं दोन नगरें पाहून झालीं म्हणजे बहुतेक प्रवासी परतीचा विचार करितात. आम्हांस मात्र पश्चिम किनाऱ्यावरील तोयामास जावयाचें होतें. त्याचें कारण सृष्टिसौंदर्य हें नसून घरांतील एक चिंता हें होतें. आमच्या काकूंचें वय अडुसष्ट. जन्मांत कधीं अंथरूण न धरलेली ती माउली. पण दीड वर्षापासून त्यांचा रक्तदाब कोणत्याही गोळीस दाद देत नव्हता. जिना चढतांना मांड्या गळून जात, घोट्यांवर सूज दिसे आणि रात्रीं पोटऱ्यांत गोळे येऊन त्या उठून बसत. डॉक्टरांनीं औषध दोनदां वाढवून पाहिलें. आम्ही निघतेवेळीं काकूंनीं मला जवळ बोलावून सांगितलें, "जपानांत झाडपाल्याचा मोठा अभ्यास चालतो म्हणतात. माझ्या पायांसाठीं कांहीं मिळालें तर घेऊन ये. या गोळ्यांचा मला अगदीं वीट आला आहे."

टोकियोहून तोयामापर्यंत अतिवेगवान आगगाडी २०१५ सालापासून धांवूं लागली आहे. सुमारें सव्वादोन तासांत ती आपणांस एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडे नेऊन सोडते. गांव टुमदार, रस्ते रुंद, मधून ट्राम चालते. आणि आकाश निवळ असेल तर पूर्वेस तातेयामाची बर्फाच्छादित रांग अशी उभी दिसते कीं, गावाच्या सीमेवर कोणी पांढरा पडदा बांधला आहे असें वाटावें.

या गांवाची कीर्ति तीनशें वर्षें औषधांवर चालत आली आहे. कथा अशी सांगतात कीं, १६९० सालीं येदोच्या राजवाड्यांत एका सरदारास पोटशूळ उठला. तोयामाचा अधिपति माएदा मासातोशि तेथें होता. त्यानें आपल्या बटव्यांतील 'हांगोन्तान' नांवाची गोळी दिली आणि शूळ थांबला. या नांवाचा अर्थच 'गेलेला आत्मा परत आणणारी गोळी' असा आहे. उपस्थित सरदारांनीं ती आपल्या प्रांतांत विकण्याविषयीं आग्रह केला. कथा खरी असो वा नसो, तोयामाचे औषधविके पुढें देशभर पायीं फिरूं लागले ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे.

त्यांच्या विक्रीची रीत मोठी चमत्कारिक. विक्रेता घरांत औषधांनीं भरलेली एक पेटी ठेवून जाई आणि पैसे मागत नसे. वर्षांतून एकदोनदां तो परत येई, पेटी उघडी, जें वापरलें गेलें असेल तेवढ्याचेंच मोल घेई, जुनें काढून नवें भरी, मुलांच्या हातीं कागदाचा फुगा देई आणि पुढच्या गांवाची वाट धरी. 'उपयोग आधीं, लाभ मागाहून' हें त्यांचें ब्रीद. पाठीवर वाळुंजाच्या जातीच्या काड्यांच्या पेट्यांची पांच मजली उतरंड कापडांत बांधलेली असे. ती घेऊन डोंगर ओलांडणाऱ्या या लोकांस व्यायामाचा उपदेश करण्याची कोणास गरज पडली नसावी!

परंतु माझें मन ज्या वस्तूवर बसलें ती पेटी नव्हे, तर त्यांची वही होय. प्रत्येक विक्रेत्यापाशीं 'काकेबाच्यो' नांवाची एक वही असे. अमक्या घरीं कोणकोण माणसें, कोणतें औषध किती ठेविलें, किती लागलें, पैसे किती आले हें सारें तींत लिहिलेलें असे. या वहीस इतकें मोल होतें कीं ती बापाकडून मुलाकडे वारशानें जाई, क्वचित् विकलीही जाई. आपल्याकडे आजीबाईचा बटवा होता. सुंठ, मुरडशेंग, वेखंड, ज्येष्ठमध हें सर्व त्यांत होतें. वही तेवढी नव्हती.

गांवांतील इकेदाया यासुबेइ या जुन्या धर्तीच्या दुकानांत लांकडी यंत्रावर गोळ्या वळण्याची कृति पाहुण्यांस करून पाहतां येते. माझ्या गोळ्या शेंगदाण्यांसारख्या लांबट झाल्या, आमच्या सौ.च्या मात्र पहिल्याच हप्त्यांत वाटाण्यासारख्या वाटोळ्या उतरल्या. दुकानदारानें वाकून नमस्कार केला तो तिला.

दुसऱ्या दिवशीं विश्वविद्यालयांतील औषधिसंशोधन संस्था पाहण्याचा योग आला. १९६३ सालीं एका लहानशा विभागाच्या रूपानें तिचा आरंभ झाला आणि १९७४ मध्यें तिला स्वतंत्र संस्थेचें रूप मिळालें. तिच्या संग्रहालयांत देशोदेशींच्या सुमारें तीस हजार औषधिद्रव्यांचे नमुने जतन केले आहेत. त्यांत आयुर्वेदाचाही विभाग आहे. बरणींतला हिरडा पाहून घरचें माणूस भेटल्यासारखें झालें. आणि तो तेथें नवखा नाहीं, हें कळल्यावर तर आश्चर्याचा पार राहिला नाहीं. इ. स. ७५६ सालीं कोम्यो सम्राज्ञीनें नारा येथील तोदाइजी मंदिरास साठ औषधें अर्पण केलीं. त्यांची यादी अद्यापि आहे, आणि कांहीं औषधेंही शोसोइन नांवाच्या लांकडी भांडारांत शिल्लक आहेत. त्या यादींत 'कारिरोकु' म्हणजे आपली हरीतकी आणि 'हिहात्सु' म्हणजे आपली पिप्पली आहे. आपलीं नांवें चीनच्या लिपींतून फिरून, झिजून, तेथपर्यंत पोंचलीं. त्याच भांडारांत ज्येष्ठमधाच्या मुळ्याही आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रज्ञांनीं त्या तपासल्या, तेव्हां बाराशें वर्षांनंतरही त्यांतील मधुर द्रव्य टिकून असल्याचें आढळलें.

आपल्या अश्वगंधेवर याच संस्थेंत काम झालें आहे. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, स्मृति क्षीण केलेल्या उंदरांस अश्वगंधेंतील एक द्रव्य दिलें असतां मज्जातंतूंचे तुटलेले धागे पुनः वाढलेले दिसले. हें वाचून कोणी लागलीच अश्वगंधेचा डबा आणावयास धांवूं नये. उंदीर आणि माणूस यांतील अंतर तेथील संशोधक विसरत नाहींत, आपण कां विसरावें?

संस्थेंत काम करणारे एक मराठी गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या घरीं चहा घेतांना मीं काकूंची हकीगत सांगितली आणि टोकियोस एका औषधालयांत 'पायांतील गोळ्यांवर रामबाण' म्हणून घेतलेल्या पुड्या मोठ्या अभिमानानें पुढें ठेविल्या. त्यांनीं वेष्टणावरील अक्षरें वाचलीं व विचारलें, "काकू घरीं आणखी कांहीं घेतात का?"

"छे, विशेष कांहीं नाहीं. सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमधाचा काढा घेतात, तेवढाच. भजनीमंडळांत गातात ना, घशासाठीं."

त्यांनीं हातांतली पेयाली खालीं ठेवली.

मग त्यांनीं जें समजावून सांगितलें तें प्रत्येक घरांत ठाऊक असावयास हवें. आपल्या शरीरांत कॉर्टिसोल नांवाचा एक रस असतो. मूत्रपिंडांत त्याचा जोर निकामी करण्याचें काम एक विकर करितें. ज्येष्ठमधांतील गोड द्रव्य त्या विकरास अडवितें. मग तो रस मूत्रपिंडांत नको तें काम करूं लागतो. मीठ आणि पाणी शरीरांत सांचून राहतें, पोटॅशियम मात्र वाहून जातें. रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते, स्नायु दुबळे होतात, गोळे येतात; फार झालें तर हृदयाची लयही बिघडते. घसा बसला असतां चार दिवस एखादी कांडी चघळली तर निरोगी माणसास सहसा अपाय होत नाहीं. रोज, पुष्कळ आणि महिनोन्महिने घेण्यांत धोका आहे, आणि वृद्धांस तो अधिक. जपानच्या काम्पो वैद्यकांतील बहुसंख्य काढ्यांत ज्येष्ठमध आहे. म्हणून तेथें या विकाराचा इशारा औषधाबरोबरच्या कागदावर छापलेला असतो.

आणि मीं आणलेल्या पुड्या? तें 'शाकुयाकु-कान्झोतो' होतें. पोटऱ्यांतील गोळ्यांवर तें खरोखरच गुणकारी आहे. पण त्यांत दोनच मुळ्या पडतात, एक शाकुयाकु नांवाच्या फुलझाडाची आणि दुसरी ज्येष्ठमधाची, दोन्ही समभाग. म्हणजे ज्या द्रव्यानें काकूंचे पाय गळत चालल्याचा संशय होता, तेंच मी पुडी बांधून त्यांच्यासाठीं नेत होतों! इशारा वेष्टणावर होता; जपानी मला वाचतां येत नव्हतें, आणि विचारण्याची बुद्धि झाली नाहीं.

त्याच रात्रीं घरीं दूरध्वनि केला.

"काकू, ज्येष्ठमध आजपासून बंद करा. आणि उद्यां सकाळीं डॉक्टरांकडे जाऊन त्यांस हें सांगा."

"अरे, ज्येष्ठमध का औषध आहे? माझी आई घेत असे, तिची आई घेत असे."

"त्या किती घेत?"

थोडा वेळ कांहींच ऐकूं आलें नाहीं. "घसा बसला म्हणजे एखादी कांडी चघळीत."

"आणि तुम्ही?"

"दोन वर्षें झालीं. दोन्ही वेळां." मग आवाज उतरला. "डॉक्टरांनीं कधीं विचारलें नाहीं रे. मीही कधीं सांगितलें नाहीं."

या वाक्यानें मला त्या रात्रीं झोंप लागूं दिली नाहीं. जपानांतही हें घडलें असतें; पण तेथील व्यवस्थेंत तें घडण्यास वाव कमी आहे. मेइजी राजवटीनें १८७४ पासून पाश्चात्त्य वैद्यकाचीच कांस धरली. जुन्या वैद्यांनीं आपल्या परवान्यासाठीं केलेला प्रयत्न १८९५ सालीं तेथील लोकसभेंत फसला. तेव्हांपासून काम्पोचा वेगळा वैद्य असा राहिला नाहीं. परंतु मेलें असें वाटलेलें तें शास्त्र कांहीं जिद्दी डॉक्टरांनीं जगविलें. १९७६ मध्यें सरकारी विमायोजनेंत त्याच्या काढ्यांस मोठ्या प्रमाणावर प्रवेश मिळाला; आज असे १४८ काढे तींत आहेत. ते लिहून देतो तो नेहमींचाच डॉक्टर. रक्तदाबाची गोळी आणि काढा एकाच हातानें एकाच कागदावर लिहिला जातो. शस्त्रक्रियेनंतर आंतडीं मंदावलीं असतां सुंठ, जिन्सेंग आणि सान्शो यांचा 'दाइकेंच्यूतो' नांवाचा काढा तेथील शस्त्रवैद्यच देतात. हा सान्शो म्हणजे आपल्या कोंकण-गोव्याकडील तिरफळाचा सख्खा भाऊ! तो आंतड्यांस कसा हालवितो याचा कसून अभ्यास झाला आहे.

तेथेंही ठेंच लागली नाहीं असें नाहीं. 'शोसाइकोतो' नांवाचा काढा यकृताच्या जुनाट दाहावर सरसकट देण्यांत येऊं लागला. रोग्याची प्रकृति पाहून औषध, हा जुना नियम बाजूस राहिला आणि रोगाचें नांव पाहून औषध, असा प्रघात पडला. कांहीं रोग्यांस फुप्फुसांचा गंभीर दाह झाला. १९९४ मध्यें इंटरफेरॉनबरोबर तो काढा देण्यास बंदी झाली. १९९६ मध्यें दहा मृत्यूंची नोंद झाल्यावर सरकारनें देशभर तातडीचा इशारा दिला. आपलें प्राचीन शास्त्र बदनाम होईल म्हणून कोणी वही मिटून ठेविली नाहीं, ही गोष्ट मला त्या तीस हजार नमुन्यांहून मोठी वाटली.

तोयामाहून मात्सुमोतोस जाण्यास तातेयामा ओलांडणारा एक अद्भुत मार्ग आहे: दोरीची रेल्वे, मोटार, बोगद्यांतील गाडी, आकाशपाळणा, आणि मधें १८६ मीटर उंचीच्या कुरोबे धरणाच्या माथ्यावरून पायीं चालणें. २४५० मीटर उंचीवर रस्त्याच्या दोहों बाजूंस बर्फाच्या भिंती, चारमजली इमारतीएवढ्या. वर्णन करण्याचा मोह टाळतों. माझें चित्त काकूंच्या पायांत गुंतलें होतें.

मात्सुमोतो हें काळ्या किल्ल्याचें गांव. येथील शिन्शू विश्वविद्यालयाच्या संशोधकांनीं प्रौढ व वृद्ध नागरिकांसाठीं चालण्याची एक पद्धत सिद्ध केली आहे. तीन मिनिटें वेगानें चालावयाचें, इतक्या वेगानें कीं बोलणें जड जावें; मग तीन मिनिटें सावकाश. अशा पांच फेऱ्या म्हणजे अर्धा तास, आठवड्यांतून निदान चार दिवस. 'रोज दहा हजार पावलें' हें जें सर्वांच्या तोंडीं आहे, तें १९६५ सालीं जपानांतच विक्रीस आलेल्या पावलें मोजण्याच्या एका यंत्राच्या नांवांतून निघालें. तेव्हां तो व्यापाऱ्याचा आंकडा होता, वैद्याचा नव्हे. मात्सुमोतोच्या मंडळींनीं २४६ स्त्रीपुरुषांस घेऊन पांच महिने प्रयोग केला व २००७ मध्यें तो प्रसिद्ध केला. एकाच मध्यम गतीनें आठ हजारांवर पावलें चालणाऱ्यांपेक्षां या आलटून-पालटून चालणाऱ्यांच्या मांड्यांची शक्ति अधिक वाढली, सरासरी तेरा ते सतरा टक्के, आणि रक्तदाबही अधिक उतरला. येथेंही प्रत्येकाच्या चालण्याची नोंद कमरेच्या यंत्रांत होते आणि ती पाहून सल्ला दिला जातो. तोयामाच्या विक्रेत्याची वही मला पुनः आठवली.

आम्ही परत आलों तेव्हां काकूंच्या रक्ताची तपासणी झालेली होती; पोटॅशियम बरेंच उणें निघालें होतें. ज्येष्ठमध सुटल्यावर कांहीं आठवड्यांत सूज ओसरली, दाब उतरला आणि डॉक्टरांनीं वाढविलेल्या गोळ्यांपैकीं एक कमी केली. पुढें त्यांच्याच अनुमतीनें काकू सकाळीं चालूं लागल्या. जपानहून आणलेली एक कोरी वही मीं त्यांस दिली होती. डाव्या पानावर त्या औषधें लिहितात, सुंठेच्या चहापासून सारें. उजव्या पानावर चालणें. परवां सहज उघडून पाहिली. शेवटची नोंद अशी होती: 'मंगळवार. फेऱ्या चार. पांचवी राहिली, जोशीकाकू भेटल्या.'