सीटखाली की बॉनेटखाली?

पाऊस थांबलाय. जीपमध्ये हवेचा कॉम्प्रेसर कायमचा बसवायचा हे ठरलं. कुठला, याचाच घोळ. मिरजोळे एमआयडीसीतला मिस्त्री म्हणतो, एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर तसाच ठेवा, त्याच्यावरच हवा भरा, मायंदळ मिळेल. खरंय. पण त्याला वंगण एसीच्या गॅसबरोबर फिरून मिळत असतं. गॅस गेला की तेलाची सोय वेगळी, हवेतलं तेल गाळायला फिल्टर वेगळा. वर गाडीतला एसी जाणार. कोकणातल्या मे महिन्यात? छे!

मग १२ व्होल्टचाच. दोन सिलिंडरचा बरा कॉम्प्रेसर ३० अँपिअरहून जास्त करंट ओढतो. ते लायटरच्या सॉकेटचं काम नव्हे. जाड वायर थेट बॅटरीवरून, मध्ये रिले, फ्यूज अगदी बॅटरीलगत. बॉनेटखाली जागा आहे, पण इंजिनाची धग लागून तो लवकर दमतो, आणि इथल्या खाऱ्या हवेत टर्मिनल हिरवे पडतात. सीटखाली गार, कोरडं. आवाज मात्र कानाशी. चालेल.

हवेची टाकी नको. चिखलात टायर १८ पीएसआयवर उतरवायचे, डांबर लागलं की पुन्हा ३०, एवढंच तर काम. (पुळणीवर गाड्या घालणाऱ्यांचं मला कधीच कौतुक वाटलं नाही, तिथे कासवं अंडी घालतात.) उद्या सीटखालचं माप घ्यायचं.